फाईलची सोयरीक

"चढणीला गं चढणीला…"

एकतीस वर्षांपूर्वी ऐकलेल्या त्या गाण्यातलं सूर्यकांत मास्तरांच्या कानात एवढंच उरलं होतं. तेव्हा ते वेवजीच्या शाळेवर नवीन लागले होते. एका दुपारी शाळा सुटल्यावर पाड्याच्या वाटेने निघाले, तर लग्नघरातून बायकांचं गाणं आलं. पाड्यावरची नवशी ओळ टाकत होती, बाकीच्या झेलत होत्या. नवशीचा आवाज असा, की कुडाच्या भिंतीतून चुलीचा धूर निघावा तसा हळूच निघायचा आणि बघता बघता सगळ्या शिवारावर पसरायचा. मास्तर बांधावर थबकले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मास्तर आला." गाणं मधेच तुटलं. हसण्याची एक लाट उठली, पदराआड विरली, आणि लगेच दुसरं गाणं लागलं. देवाचं, शहाण्यासारखं, मान खाली घालून चालणारं.

मास्तर भारावून खोलीवर गेले. शिक्षक दिसला की गाणं थांबवतात, काय ही माणसं, काय हा मान. ते भारावलेपण त्यांनी नोकरीभर जपलं आणि निवृत्त होऊन डहाणूला पूर्वेच्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा भांड्यांबरोबर तेही घेऊन आले.

यंदा माघात नवशीची नात नीलम त्यांच्या दारात उभी राहिली. मास्तरांचीच विद्यार्थिनी. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं, अच्छाडच्या नाक्याजवळ टायरच्या दुकानात काम करणाऱ्या मिथुनशी. "आजीने बोलावलंय सर," ती म्हणाली. "आजीचा गळा गेला. आता चार ओळी म्हटल्या की खोकला येतो."

नवशीने अंगणात खाट टाकून दिली. "मास्तर, तू बस. माझ्या नातीच्या हळदीला मी काय म्हणू शकणार नाय. पोरींना येत नाय. पण पोरींना वाचता येतं, तूच शिकवलं. तर तू गाणी कागदावर धर. हळदीला पोरींच्या हातात दे. एवढा कर."

मास्तरांनी शब्द दिला. तीन दुपारी नवशी गायली, गायली म्हणजे कुजबुजली, आणि मास्तरांनी वहीत चौसष्ट गाणी धरली. शेवटच्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "नवशीबाई, ते चढणीचं गाणं?"

नवशीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "तसला गाणा नाय रे मास्तर. तुला भास झाला असेल."

मास्तरांनी मग गाण्यांचं पुस्तकच छापायचं ठरवलं आणि तेवढ्या दोन शब्दांवरच त्याची प्रस्तावना लिहिली. चार पानं. 'चढण: स्त्रीजीवनाचे एक प्रतीक'.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण मास्तर टायपिंगची परीक्षा पास झालेले होते, मिनिटाला तीस शब्द, आणि जे काम वहीवरून सरळ छापखान्यात जाऊ शकलं असतं ते स्वतः टाईप करायचं त्यांनी ठरवलं. घरात एक जुना संगणक होता. त्याला सुधाताई, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, 'डबा' म्हणत. त्या डब्यात कुणीतरी फार वर्षांपूर्वी एक मराठी फाँट घालून दिला होता. मास्तरांनी त्यात चोवीस दिवस बसून गाणी टाईप केली, पेन ड्राईव्हवर उतरवली, आणि पंचविसाव्या दिवशी डब्याने एक दीर्घ सुस्कारा सोडून प्राण सोडला. मास्तर हळहळले, पण घाबरले नाहीत. जीव गेला तरी फाईल होती.

वापीला नोकरीला असलेली मुलगी कीर्ती लॅपटॉप देऊन गेली. जाता जाता म्हणाली, "पप्पा, यात ऑफिस टाकून घ्या."

"आता कुठलं ऑफिस?" सुधाताई म्हणाल्या. "निवृत्त झालात ना?"

ऑफिस म्हणजे लिहायचं, हिशेब करायचं, चित्रं दाखवायचं सॉफ्टवेअर, हे मास्तरांनी त्यांना समजावलं. आणि ती दोन प्रकारची असतात, एक विकतचं आणि एक फुकटचं, हे त्यांना स्वतःला समजेपर्यंत कॉलनीत दोन पक्ष पडले होते.

शेजारचे प्रविण, रेल्वेच्या तिकीट खिडकीतून निवृत्त झालेले, फुकटच्या पक्षाचे. "सूर्यकांतराव, फुकटचं घ्या. जगातल्या हजारो माणसांनी स्वखुशीने बनवलंय. मी त्यात गेली चार वर्षं दुधाचा हिशेब ठेवतोय, एक थेंब सांडला नाही."

तळमजल्यावरचे नविनभाई विमा एजंट. ते विकतच्या पक्षाचे. "मास्तर, जग कशात चालते? विकतच्यात. तुम्ही फुकटच्यात लिहाल, पण समोरच्याला वाचायला पाहिजे ना? माणसाने एकट्यासाठी शर्ट शिवावा, फाईल नाही शिवायची."

हे वाक्य फार खोल होतं, पण मास्तरांच्या ते पंधरा दिवसांनी लक्षात आलं. त्या क्षणी त्यांनी दोघांनाही चहा दिला आणि दोघांचंही पटल्यासारखी मान हलवली. मान अशी हलवल्यामुळे प्रविण घरी जाऊन आले आणि फुकटचं टाकूनच गेले.

मास्तरांनी पेन ड्राईव्ह लावला. फाईल उघडली. पहिल्या पानावर गाणं नव्हतं. डोक्यावर दोन दोन टिंबं घेतलेली परदेशी अक्षरं होती, डॉलरचं चिन्ह होतं, उलटं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्यातून मधेच एक स्वल्पविराम हरवलेल्या पोरासारखा उभा होता. चोवीस दिवस. चौसष्ट गाणी. चढणीची चार पानं.

"अहो, ही कुठली भाषा?" सुधाताईंनी डोकावून विचारलं.

"मराठी," मास्तर म्हणाले.

प्रविणने निदान केलं. जुना फाँट डब्यात होता, या लॅपटॉपमध्ये नाही. आतली अक्षरं खरी मराठी नव्हतीच, परदेशी अक्षरांना त्या फाँटने मराठी कपडे घातले होते. कपडे डब्याबरोबर गेले. "याला कंपॅटिबिलिटी म्हणतात," प्रविण म्हणाले. "मराठीत सुसंगतता."

"म्हणजे पत्रिका जुळत नाही, असंच ना?" सुधाताई म्हणाल्या.

प्रविणने मान डोलावली. "तसंच. त्यात पुन्हा फुकटचं विकतच्याच्या फाईली समजून घेतं. विकतचं मात्र फुकटच्याची फाईल दिसली की ओळख दाखवत नाही. दाखवली तरी मार्जिन हलवतं."

"सासरच्यासारखं," सुधाताई म्हणाल्या, आणि बोंबील साफ करायला निघून गेल्या. धाकटी डहाणूच्या बंदरावरचे बोंबील होते, त्यांना कसलाच फाँट लागत नव्हता.

वहीवरून पुन्हा टाईप करायला आता दिवस नव्हते. मास्तर एसटीने तलासरीला गेले. तिथे विपुलचा छापखाना होता. विपुलचं मराठी तलासरीच्या बाजारातलं, अर्धा पाय गुजरातीत. "काका, टेन्शन नका घेऊ. माझ्याकडे विकतचं आहे, जुनं आहे, पण सगळे फाँट आहेत." त्याने एक फाँट लावला. परदेशी अक्षरं थरथरली आणि मराठी झाली. मास्तरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मास्तरांना पुस्तकात पंचायत समितीच्या सभापतींचे दोन शब्द हवे होते. ते ज्या कार्यालयातून मिळायचे तिथल्या संगिता मॅडमनी टेबलावरून मान वर न करता सांगितलं, "फाईल युनिकोडमध्ये द्या. जुन्या फाँटमधलं आमच्याकडे उघडत नाही. आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमधलं आणू नका, मागे एकाने आणलं होतं, त्यात साहेबांचा फोटो दुसऱ्या पानावर उतरला, प्रौढ शिक्षणाच्या तक्त्यात."

"पण मॅडम, दोन शब्दच तर हवेत."

"दोन शब्दांनाही फॉरमॅट असतो सर."

हे आपण वर्गात शिकवायला हवं होतं, असं मास्तरांना वाटलं. ते पुन्हा विपुलकडे. विपुलने एक बटण दाबलं आणि सगळी गाणी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या अक्षरांत, आणली. त्याने वरवर वाचून पाहिलं, "बरोबर आहे काका," म्हणाला, आणि फाईल दिली. मास्तरांनी घरी येऊन चष्मा पुसला, आणि नवशीने मामीसाठी सांगितलेली ओळ शोधली. 'मान राखा गं मामीचा, मामी आली लांबून.'

पडद्यावर होतं: 'भान राखा गं भाभीचा, भाभी आली लांबून.'

मास्तर पंख्याखाली असूनही घामाने भिजले. खाली होतं, 'भोठ्या भनाची भाभी भाझी.' त्याखाली 'भांडवाच्या दारी'. चौसष्टही गाण्यांत एक म उरला नव्हता. विपुलने लावलेला फाँट डब्यातल्या फाँटचा सख्खा नव्हे, चुलतभाऊ होता. डोळ्यांना दोघे सारखे दिसायचे, पण बदल करताना म आपल्या घरात न जाता भच्या घरात शिरला होता. आणि विपुलला काहीच खटकलं नव्हतं, कारण त्याच्या घरात भाभी होतीच.

"सोपं आहे," प्रविण म्हणाले. "शोधा आणि बदला. सगळे भ काढा, म घाला. एक बटण."

त्यांनी बटण दाबलं. 'मामी' परत आली, 'मान' परत आला, 'मांडव' उभा राहिला. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि पुढचं पान उलटलं. नवरीला घ्यायला तिचा भाऊ येतो, त्या हळव्या गाण्यात आता लिहिलेलं होतं:

'माऊ येतो वेशीवरी, माऊ आणतो लुगडं.'

"मांजर?" सुधाताईंनी विचारलं. त्यांना हसू आवरेना, तोंडावर पदर धरून त्या बाल्कनीत गेल्या. मास्तरांना फार लागलं. भातावरच्या गाण्यात मात शिजत होता. शेवटच्या पानावर 'शुमविवाह' होता, आणि सभापतींच्या नावापुढे 'समापती'. हे वाचून संगिता मॅडम काय म्हणतील या विचाराने त्यांनी दोन शब्दांचा नाद त्या क्षणी सोडला. नविनभाईंनी खालून आवाज दिला, "मास्तर, मी बोललो होतो ना?" मास्तरांना त्यावर उत्तर सुचलं, पण दुसऱ्या दिवशी.

मग मास्तरांनी बटणांवरचा विश्वास सोडला. विपुलची फाईल पुन्हा उघडली, शेजारी वही उघडली. सुधाताई वहीतून मोठ्याने वाचायच्या, मास्तर पडद्यावर एकेक म आणि भ आपापल्या घरी पोचवायचे. सहा दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. "भाऊ." "आहे." "मामी." "केली." "अहो, भाजी झाली, जेवा." "माजी की भाजी?" सातव्या दिवशी सगळी अक्षरं घरी पोचली. फाईलचं नाव त्यांनी ठेवलं 'गाणी शेवटची खरी'. विपुलला पाठवली आणि फोन केला.

कीर्तीने वापीहून बजावलं होतं, "पप्पा, पीडीएफ करून पाठवा, म्हणजे काही हलणार नाही." पण विपुल म्हणाला होता, "पीडीएफ नको काका, मला पानं लावायची, उघडी फाईल द्या." मास्तरांनी उघडी दिली. ती फुकटच्यात बनलेली होती. विपुलचं विकतचं ती पाहून म्हणालं, फाईल खराब आहे. विपुलने मास्तरांना दोन फोन केले. मास्तर तेव्हा गाढ झोपले होते, सहा दिवसांची झोप होती ती. विपुल मदतीचा माणूस. हळद परवावर आली होती. त्याच्या संगणकावर नीट उघडत होती अशी युनिकोडची एकच फाईल होती, त्याने स्वतः बटण दाबून केलेली.

तीच त्याने छापली.

पुस्तकं सरळ वेवजीला पोचली. मास्तर आणि सुधाताई हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात शिरले तेव्हा ती पोरींच्या हातात होती. हळदीच्या रंगाचं मुखपृष्ठ, त्यावर नवशीचं नाव. नवशी खाटेवर बसली होती, नाव वाचता येत नसूनही त्यावरून बोट फिरवत होती. नीलम पाटावर. मिथुनकडची माणसं अच्छाडहून टेम्पोने आलेली. आणि पोरींनी पुस्तक उघडून मामीचं गाणं सुरू केलं.

"भान राखा गं भाभीचा, भाभी आली लांबून…"

मास्तरांना वाटलं मांडवाचा खांब आपल्याच हातात आहे आणि सोडला तर सगळा मांडव पडेल. पोरी पुस्तकात आहे तसं म्हणत होत्या. मास्तरांनीच शिकवलं होतं, पुस्तकात आहे तसं वाचा, मनाचं घालू नका.

"भोठ्या भनाची भाभी भाझी…"

आता लांबून आलेली भाभी मांडवात खरोखरच होती. मिथुनच्या थोरल्या भावाची बायको, पुष्पा. टेम्पोत मागे बसून तिचे केस लाल मातीने माखले होते, नुकतीच हात धुऊन आली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मास्तर पुढे झाले, "ताई, ही चूक फाँटची आहे, म्हणजे युनिकोड करताना…"

पुष्पाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कमरेवर हात ठेवला आणि तोंडातून ओळ आली:

"भान भाभीला हाय गं हाय, तुमचा तुम्ही सांभाळा,
भाकर करपली चुलीवरी, वास येतो मांडवाला."

बायकांमध्ये जे हसू फुटलं ते एकतीस वर्षांपूर्वीसारखं पदराआड गेलं नाही. नवरीकडची बुधीबाई उठली आणि पुष्पाच्या टेम्पोवर एक ओळ टाकली. पुष्पाने बुधीबाईच्या दातांवर टाकली. पोरींनी पुस्तकं पाटाखाली सरकवली आणि तोंडाकडे बघून शिकू लागल्या. आणि मास्तरांनी पाहिलं, नवशी खाटेवर ताठ बसली होती. गळा नव्हता, पण तिच्या टाळीवर सगळा मांडव चालला होता.

मास्तर बाहेर जाऊन चिंचेखाली बसले. थोड्या वेळाने सुधाताई नवशीला हाताला धरून घेऊन आल्या. नवशी त्यांच्या शेजारी मातीत बसली.

"नवशीबाई, माझ्या हातून वाटोळं झालं," मास्तर म्हणाले. "तुमची गाणी बिघडवली. एक अक्षर धड छापलं नाही. मी वहीवरून परत छापून आणतो."

नवशी खोकली, मग हसली, मग दोन्ही एकत्र झालं. "वही पण राहू दे मास्तर. वहीतली गाणी तरी कुठं धड हायेत?"

"म्हणजे?"

"तू मास्तर. चष्मा लावून, पेन्सिल तासून बसलास. तुझ्यासमोर काय सगळा म्हणायचा? मामीला मान बिन आम्ही कधी दिला नाय. तिथं भाभीच हाय, पहिल्यापासून. पुढचा तर मी तुला बोललीच नाय. तुला उघडेल तेवढाच दिला."

मास्तरांनी चष्मा काढला. सहा दिवस त्यांनी भाभीची मामी केली होती, घाम गाळून, एकेक अक्षर. सुधाताईंनी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली आणि स्वतःच्या मांडीवर उघडली. "सांगा नवशीबाई, मी लिहिते. हे नुसते ऐकतील."

"बाई लिहील तर सांगेन," नवशी म्हणाली.

"आणि ते चढणीचं?" मास्तरांच्या तोंडून गेलं. "एकतीस वर्षं झाली. मला बघून मानाने थांबवलं होतं तुम्ही. त्याच्यावर मी चार पानं लिहिली आहेत. खरंच भास होता का तो?"

नवशीने जमिनीकडे पाहिलं. अंगठा मातीत फिरला. मांडवातून टाळ्या येत होत्या. मग तिने मान वर केली आणि उरलेल्या सगळ्या गळ्यानिशी हळू म्हटलं,

"भास नव्हता. मानाने पण थांबलो नाय. तो गाणा तुझ्यावरच होता मास्तर. तू शाळेत पहिल्यांदा आलास ना, नवी सायकल घेऊन:

चढणीला गं चढणीला, चेन पडली चढणीला,
सायकल बसली मास्तरावर, पोरी बोलवा ओढणीला."